मध्यम पल्ल्याचे प्रौढ धावपटू : अर्धशक्ती, परीक्षण व औषधविवेक

प्रस्तावना

स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण आणि आतुराचे विकारप्रशमन असे आयुर्वेदाचे द्विविध प्रयोजन आचार्यांनी सांगितले आहे. आपल्या चिकित्सालयात येणारा माणूस बहुधा दुसऱ्या प्रयोजनासाठी येतो. मात्र अलीकडे एक निराळा वर्ग वैद्यांच्या दारी येऊ लागला आहे. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठाच्या परिसरात पहाटे गेल्यास चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले अनेक स्त्री-पुरुष धावताना दिसतात. बहुतेकांचा हेतू आरोग्यरक्षणाचा असतो. काही जण मात्र हातातील घड्याळ पाहून ८०० किंवा १५०० मीटरची वेळ मोजतात आणि वयोगटाच्या स्पर्धांत उतरण्याची मनीषा बाळगतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून आलेला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्यानंतर मराठवाड्यात मध्यम पल्ल्याच्या शर्यतींविषयीचे कुतूहल वाढले असल्यास नवल नाही.

अशी व्यक्ती वैद्यासमोर बसते तेव्हा तिचे प्रश्न साधारणतः तीन असतात. या वयात मी शर्यत धावावी का? टाच किंवा पोटरी दुखते, तिचे काय करावे? आणि शक्ती वाढण्यासाठी एखादे औषध मिळेल का? पहिल्या प्रश्नाला सरसकट नकार देणे सोपे असते व तिसऱ्याला सरसकट होकार देणे त्याहून सोपे असते. दोन्ही उत्तरे अशास्त्रीय आहेत. व्यायामाच्या मात्रेविषयी आपल्या संहितांनी जो विचार मांडला आहे, तो या विशिष्ट व्यायामप्रकारास कसा लावावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

स्पर्धेचे स्वरूप

प्रौढांच्या मैदानी स्पर्धांना ‘मास्टर्स’ असे नाव रूढ आहे. पूर्वी ‘व्हेटरन्स’ हा शब्द वापरीत असत. या गटातील पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडातील टोरांटो येथे झाली आणि १९७७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे जागतिक संघटना स्थापन झाली. स्त्री व पुरुष दोघांसाठी वयाच्या ३५ व्या वर्षापासून हा विभाग सुरू होतो आणि पुढे दर पाच वर्षांचा एक गट मानतात. म्हणजे ५२ वर्षांचा धावपटू ५० ते ५४ या गटात धावतो. त्याची तुलना तरुणांशी न होता समवयस्कांशी होते.

मध्यम पल्ल्यात प्रामुख्याने ८०० व १५०० मीटर या शर्यती येतात. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीवर पहिलीच्या दोन फेऱ्या होतात व दुसरीच्या पावणेचार. अंतर अल्प वाटते, परंतु शरीरावर पडणारा भार अल्प नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात वेग बेताचा ठेवता येतो आणि श्रम हळूहळू साचत जातो. अतिलघू पल्ल्यात काही सेकंदांत सर्व संपते. मध्यम पल्ल्यात मात्र जवळजवळ पूर्ण वेग दोन ते सात मिनिटे टिकवावा लागतो. प्रशिक्षित धावपटूंवरील मोजमापांनुसार ८०० मीटरमध्ये एकूण ऊर्जेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आणि १५०० मीटरमध्ये चार-पंचमांशाहून थोडा अधिक भाग प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. उरलेली ऊर्जा प्राणवायूविना मिळवावी लागते. त्यामुळे शेवटच्या फेरीत श्वास अपुरा पडतो, पाय जड होतात, मुख शुष्क होते, क्वचित शर्यतीनंतर वांती होते.

ही लक्षणे वाचताना वैद्यांना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आठवावा. अतिव्यायामाच्या परिणामांत तेथे श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी यांची गणना आहे. म्हणजे जी अवस्था संहिता अतियोग म्हणून वर्ज्य ठरविते, तिच्या उंबरठ्यापर्यंत हा धावपटू स्वेच्छेने जातो. पन्नाशीतील मनुष्याच्या बाबतीत हा या विषयातील मुख्य पेच आहे.

वय आणि बल

सुश्रुताचार्यांनी १६ ते ७० हा काल मध्यवय मानला असून त्याचे चार विभाग केले आहेत. विसापर्यंत वृद्धी, तिसापर्यंत यौवन, चाळिसापर्यंत सर्व धातू, इंद्रिये, बल व वीर्य यांची संपूर्णता आणि त्यानंतर सत्तरीपर्यंत हानी. यातील हानीला त्यांनी ‘ईषत्’ हे विशेषण दिले आहे, ते लक्षणीय होय. चाळिशीनंतर ऱ्हास होतो, पण तो किंचित व क्रमाक्रमाने होतो, असा त्याचा भाव. चरकाचार्य साठीपर्यंत मध्यवय मानतात व त्यात पित्ताचे प्राधान्य सांगतात. साठीनंतर जीर्णावस्था व वाताचे प्राधान्य. शार्ङ्गधरांनी दर दशकात एकेका गुणाचा ऱ्हास सांगितला असून त्यांच्या क्रमात विक्रमाचा ऱ्हास आठव्या दशकात येतो.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची निरीक्षणे या विचारापासून दूर नाहीत. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता बैठे जीवन जगणाऱ्यांत दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी घटते. ज्यांनी सातत्याने व पुरेशा तीव्रतेने व्यायाम चालू ठेवला, त्यांच्यात ही घट बरीच मंद असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हृदयाची कमाल गती वयानुसार उतरते. तिचा स्थूल अंदाज २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करून येतो. ५५ वर्षांच्या व्यक्तीत ती सुमारे १७० भरते. मांसधातूत वेगवान आकुंचनाचे तंतू आधी क्षीण होतात. कंडरांची लवचिकता उणावते आणि श्रमानंतर पूर्ववत होण्यास तरुणांहून अधिक काळ लागतो.

क्षमता किती टिकू शकते याची उदाहरणेही बोलकी आहेत. आयर्लंडच्या एमन कॉगलन याने १९९४ साली वयाच्या ४१ व्या वर्षी बंदिस्त मैदानावर एक मैल अंतर ३ मिनिटे ५८.१५ सेकंदांत पार केले. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य. कॅनडाच्या एड व्हिटलॉक याने २००४ साली ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. अर्थात ही असामान्य सहजबलाची माणसे होत. त्यांच्यावरून सामान्यांसाठी नियम काढता येत नाही.

चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन भेद सांगितले आहेत. पहिले जन्मतः मिळते. दुसरे ऋतू व वय यांवर अवलंबून असते. तिसरे आहार व चेष्टा यांच्या योग्य योजनेने संपादन करता येते. प्रौढ धावपटूच्या बाबतीत वैद्याच्या हाती येणारे बल हे केवळ तिसरे होय. पहिल्या दोहोंचे परीक्षण करावे आणि तिसऱ्याची योजना करावी, असा कार्यविभाग येथे स्पष्ट होतो.

अर्धशक्तीचा अर्थ

स्वतःच्या बलाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंतच व्यायाम करावा, हा सुश्रुत व वाग्भट या दोघांचा उपदेश आहे. अर्धे बल संपले हे ओळखण्याची खूणही सुश्रुताचार्यांनी दिली आहे. हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे मुखाने श्वास घेण्याची वेळ आली, की अर्धी शक्ती खर्च झाली असे जाणावे. काख, ललाट, नासिका व सांधे यांवर स्वेद येणे व मुखशोष होणे ही लक्षणेही परंपरेने यात जोडली आहेत. वाग्भटांनी आणखी एक पायरी सांगितली आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळात व वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा.

या खुणेचे महत्त्व असे की ती व्यक्तिसापेक्ष आहे. अमुक किलोमीटर किंवा अमुक मिनिटे असा निर्देश आचार्यांनी केला नाही. प्रत्येकाचा श्वास हेच त्याचे मोजमाप. आजचे क्रीडाप्रशिक्षकही सरावाचा वेग ठरविताना धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटी वापरतात. बोलणे तुटू लागले की श्रमाची जात बदलली असे ते मानतात. दोन्ही कसोट्या सर्वस्वी एकच आहेत असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही दोघींचा रोख श्वासाच्या एकाच संक्रमणाकडे आहे.

न्यूझीलंडचे विख्यात प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० साली ८०० मीटरचे आणि १९६४ साली ८०० व १५०० मीटरचे अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. लिडियार्ड यांच्या पद्धतीचा पाया दीर्घकाळ बेताच्या गतीने धावणे हा होता. तीव्र गतीचा सराव त्या पायावर आणि स्पर्धेच्या आधीच्या मर्यादित कालावधीतच येत असे. आजही मध्यम व लांब पल्ल्याचे उत्तम धावपटू आपल्या सरावाचा फार मोठा भाग सुलभ गतीनेच करतात.

यातून पेचाचा उलगडा होतो. शर्यत अर्धशक्तीत धावता येत नाही हे खरे. परंतु शर्यत वर्षातून मोजक्या वेळा येते. उरलेल्या दिवसांचा सराव बहुतांशी अर्धशक्तीच्या मर्यादेत राहिला, तर युक्तिकृत बल वाढते आणि शर्यतीच्या दिवशीचा अतिरेक शरीर सोसू शकते. हौशी प्रौढ धावपटूची चूक नेमकी उलट असते. रोज सकाळी तो कालच्यापेक्षा जलद धावू पाहतो. रोजची पहाट ही त्याची शर्यत होते. हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा नाश पावतो, तसा अतिव्यायामी नाश पावतो, हा संहितोक्त दृष्टांत त्याच्यासाठीच सांगितला असावा असे वाटते.

परीक्षण

विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान आहे आणि ती कर्मशक्तीवरून जाणावी असे म्हटले आहे. वय हा त्याच परीक्षेतील निराळा घटक आहे. म्हणजे केवळ वयावरून व्यायामशक्तीचा निर्णय करणे शास्त्राला संमत नाही.

आपल्याकडील एक सर्वज्ञात उदाहरण येथे उपयोगी पडते. साठी ओलांडलेल्या श्रीमती लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारांसाठी पैसा हवा म्हणून बारामतीच्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धाव घेतली व ती जिंकली. त्यांच्या जीवनावर पुढे चित्रपटही निघाला. शर्यत रस्त्यावरची होती, धावपट्टीवरची नव्हे. परंतु मुद्दा तोच आहे. धावण्याचे प्रशिक्षण त्यांना नव्हते. मात्र आयुष्यभर शेतात राबल्याने श्रम त्यांना सात्म्य झाले होते. याउलट वीस वर्षे दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयाच्या खुर्चीवर बसलेला ४५ वर्षांचा गृहस्थ वयाने लहान असूनही अवर व्यायामशक्तीचा असू शकतो. या कथेतून केवळ जिद्दीचा बोध घेऊन असा गृहस्थ तिसऱ्याच आठवड्यात १५०० मीटर पूर्ण वेगाने धावू लागला, तर अनर्थ संभवतो.

म्हणून परीक्षणात पुढील गोष्टी लेखी नोंदवाव्यात.

१. गेल्या दहा वर्षांतील श्रमाचे स्वरूप, व्यवसाय, निद्रा, व्यसने.

२. प्रकृती, सार, संहनन, सत्त्व, अग्नी व कोष्ठ. वातप्रकृती व कृश व्यक्तीत सांधे व कंडरा यांची विशेष तपासणी.

३. श्रमकाली छातीत दाब किंवा वेदना, भोवळ, मूर्च्छा, हृदयाची धडधड वा अनियमित ठोके, पूर्वी सहज होणाऱ्या श्रमाने दम लागणे.

४. कुटुंबात अल्पवयात आकस्मिक मृत्यू किंवा हृद्रोग.

५. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तातील मेद, हिमोग्लोबिन. स्त्रियांत रजोनिवृत्तीचा काल व अस्थिक्षयाची लक्षणे.

६. चालू असलेली सर्व औषधे, कोणत्याही शास्त्राची असोत.

तिसऱ्या व चौथ्या मुद्द्यांतील एकही बाब आढळल्यास हृद्रोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय तीव्र सरावास अनुमती देऊ नये. पस्तिशीनंतर व्यायामकाली होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमुख कारण हृदयाच्या रोहिण्यांतील अवरोध हे आहे. असा अवरोध बाह्यतः सुदृढ दिसणाऱ्या धावपटूतही असू शकतो. अनेक वर्षे तीव्र सहनशक्तीचे व्यायाम करणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या अनियमित स्पंदनाचा एक प्रकार सामान्यांहून अधिक आढळतो, हेही ज्ञात आहे. नाडीपरीक्षणात अनियमितता जाणवल्यास ती वातप्रकोपाच्या सदरात टाकून न देता हृदयाचा विद्युत्आलेख अवश्य काढवावा. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांची, तसेच दीर्घ काळ बैठे जीवन जगून थेट स्पर्धेकडे वळणाऱ्यांची श्रमचाचणी करून घेणे हिताचे. अशा प्रसंगी रुग्णास अन्यत्र पाठविण्यात वैद्याला कोणताही कमीपणा नाही.

सरावाची आखणी व ऋतुविचार

चरकसंहितेत ज्या अध्यायात व्यायामाची मात्रा सांगितली आहे, त्याच अध्यायात पुढे हिताचे सेवन व अहिताचा त्याग पादांशिक क्रमाने करावा असे सांगितले आहे. सराव वाढविण्यासही हा क्रम योजावा. एकूण अंतर एकदम न वाढविता पादांशाने वाढवावे, वाढविल्यावर काही दिवस तेथेच स्थिर राहावे, शरीराने ते स्वीकारले की पुढचे पाऊल टाकावे. नवख्याने पहिले काही महिने चालणे व मंद धावणे यांतच घालवावेत.

तीव्र गतीचा सराव आठवड्यातून एक, फार तर दोन वेळा असावा आणि दोन तीव्र दिवसांत किमान दोन ते तीन दिवसांचे अंतर असावे. साठीनंतर हे अंतर आणखी वाढवावे. उठल्यावर अंथरुणातच नाडीची गती मोजण्याची सवय लावावी. ती नेहमीपेक्षा सातत्याने अधिक लागत असेल, निद्रानाश, अरुची, अंगमर्द किंवा चिडचिड असेल तर सराव कमी करावा. ही क्लमाची व अग्निमांद्याची पूर्वसूचना समजावी. ज्वर, अजीर्ण वा प्रतिश्याय असताना तीव्र सराव सर्वथा वर्ज्य. भोजनोत्तर व्यायामाचा निषेध तर सर्वश्रुत आहे.

ऋतूंच्या बाबतीत मराठवाड्याचा देशविचार आवश्यक आहे. हेमंत व शिशिर हा उत्तम बलाचा काल. वसंतातही अर्धशक्ती व्यायाम अनुज्ञात आहे, पण पंचांगातील वसंत आणि आपल्याकडील वसंत यांत फरक पडतो. चैत्र लागतो तोवर छत्रपती संभाजीनगरात ऊन चढू लागलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. जांगलप्राय देश, आदानकाल व वाढते वय असा त्रिविध वातकर योग तेथे जुळून येतो. ग्रीष्मात व्यायाम टाळावा असा ऋतुचर्येचा आदेश आहे. निदान तीव्र सराव या दोन महिन्यांत बंद ठेवावा. मंद धावणे सूर्योदयापूर्वी आटोपावे. धावताना भ्रम, असंबद्ध बोलणे, अंग अतितप्त होणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीस तत्काळ सावलीत नेऊन थंड पाण्याने सर्वांग निववावे व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. या प्रसंगी औषधी शोधण्यात वेळ दवडू नये.

आहार, उपचार व सामान्य व्याधी

स्निग्ध आहार घेणाऱ्यासच अर्धशक्ती व्यायाम, ही वाग्भटांची अट अनेक जण विसरतात. वजन कमी करण्याच्या नादात रूक्ष व अल्प आहार आणि त्यावर तीव्र सराव, हे धातुक्षयास उघड आमंत्रण होय. ज्वारीची भाकरी, मूग वा तुरीचे वरण, दूध, तूप, ताक व ऋतूनुसार फळे हा आपल्याकडचा आहार योग्य प्रमाणात घेतल्यास उत्तम आहे. उणीव राहते ती प्रथिनांची. क्रीडापटूंसाठी दर किलो देहभारामागे दररोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. वाढत्या वयात मांसधातू टिकविण्यास ती तिन्ही वेळच्या आहारात विभागून घ्यावीत. मांससात्म्य असणाऱ्यांस मांसरस व अंडी यांचा उपयोग होतो. वृक्कविकार असल्यास मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

अभ्यंग हा प्रौढ धावपटूचा नित्योपचार असावा. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे असे वाग्भट सांगतात. पादाभ्यंगाने पायांच्या सिरा व स्नायूंचा संकोच तसेच गृध्रसी टळते असे चरकाचार्यांचे कथन आहे. तीळतेल हे सर्वांस सुलभ आहे. महागड्या तेलाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

या धावपटूंत आढळणाऱ्या व्याधी बहुधा गुडघ्याखालच्या असतात. टाचेवरील कंडरेचा शोथ, पोटरीचा ताण, तळपायाचा शूल आणि मांडीच्या मागील पेशींचा ताण या प्रमुख होत. विषम पदन्यासाने किंवा श्रमाने वायू गुल्फाश्रित होऊन वेदना करतो, त्यास सुश्रुतांनी वातकंटक म्हटले आहे. त्यात रक्तमोक्षण, एरंडतैलपान व अग्निकर्म हे परंपरेने सांगितलेले उपचार आहेत. ते अधिकारी वैद्यानेच करावेत. मात्र हेतुत्याग हीच पहिली चिकित्सा हे विसरू नये. वेदना शमवून रुग्णास दुसऱ्या दिवशी पुन्हा तीव्र सरावास मोकळे सोडणे म्हणजे चिकित्सा नव्हे. बूट झिजलेले आहेत का, धावपट्टीच्या वळणावर सदैव एकाच दिशेने धावल्याने एका पायावर भार येतो का, अंतर अलीकडे एकदम वाढविले का, हे विचारावे. पोटरीचा एकांगी शोथ, उष्णता व वेदना असल्यास सिरांतील रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. टाचेमागे अचानक फटका बसल्यासारखे होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाल्यास कंडरा तुटल्याची शंका घ्यावी. या दोन्ही प्रसंगी मर्दन करू नये व त्वरित शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यास तीव्र वेदना होत असेल तर अस्थिभंगाची सूक्ष्म भेग असू शकते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत याकडे विशेष लक्ष द्यावे.

औषधविवेक : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

शक्तीसाठी औषध मागणाऱ्या धावपटूस आपण काय देतो, याचे दोन परिणाम संभवतात. एक त्याच्या देहावर आणि दुसरा त्याच्या स्पर्धेतील पात्रतेवर. मास्टर्स गटासही उत्तेजकद्रव्यविरोधी नियम लागू आहेत. भारतात यासाठी २०२२ साली स्वतंत्र कायदाही झाला. शरीरात प्रतिबंधित द्रव्य आढळल्यास ते कसे आले, हेतू काय होता, यापूर्वीच खेळाडू दोषी धरला जातो. ‘वैद्यांनी दिले’ किंवा ‘आयुर्वेदिक होते’ हे उत्तर त्याला वाचविण्यास पुरेसे नाही. जागतिक संस्थेची प्रतिबंधित द्रव्यांची सूची दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते.

आपल्या औषधालयातील पुढील द्रव्यांकडे म्हणूनच विशेष लक्ष हवे.

कुपीलू : यातील स्ट्रिक्नीन हे उत्तेजक म्हणून सूचीत नमूद आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, नवजीवन रस यांत कुपीलू असतो. सांधेदुखी व अग्निमांद्य यांत हे कल्प सर्रास दिले जातात. इतिहासात याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १९०४ साली सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये टॉमस हिक्स या धावपटूस मॅरेथॉनच्या दरम्यान अंड्याच्या पांढऱ्यासह स्ट्रिक्नीन व ब्रँडी देण्यात आली. तो विजयी झाला, पण शर्यतीच्या शेवटी त्याची अवस्था अत्यंत शोचनीय होती. आज तोच प्रकार बाद ठरेल.

सोमलता : श्वासात उपयुक्त असलेल्या या वनस्पतीत एफेड्रीन असते. स्पर्धाकाळात मूत्रात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास दोष धरला जातो. हृदयाची गती व रक्तदाब वाढविण्याचा त्याचा गुण प्रौढास स्वतंत्रपणेही घातक ठरू शकतो.

विजया व अहिफेन : जातिफलादी चूर्णात व मदनानंद मोदकात भांग असते. कर्पूर रस व कामिनीविद्रावण रस यांत अहिफेन असते. या दोहोंतील घटक स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अतिसार झाला म्हणून दिलेला कल्पही अडचणीत आणू शकतो.

गुळवेल : खरी गुळवेल प्रतिबंधित नाही. मात्र तिच्या जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती बाजारात येते. तिच्यात हायजेनामीन हे सूचीतील द्रव्य असते. या जातीच्या सेवनाने यकृतास होणाऱ्या अपायाविषयी आयुष मंत्रालयानेही २०२२ साली इशारा दिला होता. औषधालय चालकांनी विश्वसनीय पुरवठादाराकडूनच व ओळख पटवून माल घ्यावा.

सूचीत नसूनही जपून द्यावयाची द्रव्येही आहेत. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. घाम गाळणाऱ्या धावपटूस हे हृदयाच्या दृष्टीने हानिकारक. वत्सनाभयुक्त कल्प मात्रेबाहेर गेल्यास हृत्स्पंदन विषम करतात. अश्वगंधा प्रतिबंधित नाही व योग्य रुग्णात उपयुक्तही आहे, परंतु अवटु ग्रंथीचे औषध चालू असल्यास देखरेख ठेवावी.

सर्वांत मोठा धोका मात्र लेबल नसलेल्या पुड्यांचा आहे. ‘दोन दिवसांत गुडघा मोकळा’ किंवा ‘आठ दिवसांत ताकद’ अशा ख्यातीच्या चूर्णांत स्टिरॉईड किंवा वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अशा पुडीने धावपटू बाद होतो, मधुमेही रुग्णाची शर्करा भडकते, अस्थी ठिसूळ होतात आणि शास्त्राची अप्रतिष्ठा होते. अशी पुडी दुकानात ठेवू नये आणि चिकित्सालयातही स्वीकारू नये.

औषधविक्रेत्यांनी एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावावी : आपण स्पर्धेत भाग घेता का? उत्तर होकारार्थी असल्यास घटकांची यादी वाचून दाखवावी, औषध नियमावलीच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्ये असलेले कल्प वैद्याच्या लेखी सल्ल्याशिवाय देऊ नयेत आणि बिलावर कल्पाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक अवश्य लिहावा. पुढे वाद उत्पन्न झाल्यास तोच कागद खेळाडूच्या व विक्रेत्याच्या उपयोगी पडतो.

इतर शास्त्राच्या औषधांविषयीही सावध असावे. रक्तदाबावरील मूत्रल औषधे व मधुमेहातील इन्सुलिन ही दोन्ही सूचीत सर्वकाळ प्रतिबंधित आहेत. उपचारार्थ वापराची रीतसर परवानगी घेऊनच अशा रुग्णास स्पर्धेत उतरता येते. सूचीच्या भयाने ही औषधे बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. बंद करायचीच वेळ आली तर स्पर्धा बंद करावी, औषध नव्हे.

उपसंहार

योग्य मात्रेत व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी आक्रमण करीत नाही, असे सुश्रुताचार्यांनी म्हटले आहे. मध्यम पल्ल्याचा प्रौढ धावपटू या वचनाचा लाभही घेऊ शकतो आणि मात्रा चुकल्यास त्याचा विपर्यासही अनुभवू शकतो. दोहोंतील भेद परीक्षणावर, अर्धशक्तीच्या नित्य पालनावर व औषधाच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. वैद्याने पहिल्या भेटीत हृदयाची शहानिशा करावी, वर्षभराचा सराव श्वासाच्या मर्यादेत बांधून द्यावा, पूर्ण शक्ती खर्चण्याचे दिवस मोजके ठेवावेत आणि हाती दिलेल्या प्रत्येक कल्पाचा घटक स्वतः जाणून असावा. एवढे केल्यास पन्नाशीतील गृहस्थास किंवा गृहिणीस धावपट्टीवर जाण्यापासून परावृत्त करण्याचे प्रयोजन उरत नाही. विकारप्रशमनाच्या व्यापात बाजूला पडलेले स्वास्थ्यरक्षणाचे पहिले प्रयोजन साधण्याची ही एक चांगली संधी आहे. वैद्य व औषधविक्रेते या दोघांनी तिच्याकडे जबाबदारीने पाहावे, ही अपेक्षा.